बारदान धरून माप: घरच्या इंटरनेटचा वेग बांधताना ओव्हरहेडचा हिशेब

एसक्यूएम (वेग बांधून रांग आवरणारी सोय) लावून झालंय. वेग प्लॅनच्या ९५ टक्क्यांवर आणलाय. बफरब्लोटच्या, म्हणजे रांगेमुळे होणाऱ्या उशिराच्या, चाचणीत ‘ए’ येतोय. आणि तरीही संध्याकाळी कॉल चालू असताना समोरच्याचा आवाज मधेच गिळला जातो. असं ज्यांच्या घरी होतंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मोफत लिनक्स प्रणाली) आहे आणि त्याची सेटिंग्जची पानं उघडता येतात, एवढी ओळख धरून चाललोय.

गेल्या वर्षी बडोद्यात कारेलीबागेत मावशीकडे हेच झालं. तिथला राउटर मीच लावला होता. फायबरची जोडणी, खाली (डाउनलोड) १०० एमबीपीएस, वर (अपलोड) फक्त ५. मावशी रोज रात्री नऊला पुण्याच्या नातीशी व्हिडिओवर बोलते. त्याच वेळी आतल्या खोलीत मावसभाऊ गेम उतरवत असतो आणि काकांच्या फोनमधले फोटो आपोआप वर चढत असतात. मावशी मला विचारायची, “अरे, तू ते मशीन बसवलंस, तरी पोरगी अशी अडखळत का बोलते?” मी वरचा वेग कमी करत गेलो. पावणेपाचाचे साडेचार, साडेचाराचे चार. दर वेळी दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. दोष वेगात नव्हता. एक रकाना मी शून्य ठेवून पुढे गेलो होतो: दर पॅकेटमागचा, म्हणजे डेटाच्या दर तुकड्यामागचा, ओव्हरहेड.

बारदान म्हणजे काय, आणि ते कुठे बोचतं

खंडेराव मार्केटात गोणी काट्यावर चढते तेव्हा बारदानाचं वजन कुणी मालात धरत नाही, ते वेगळं वजा होतं. पन्नास किलोच्या गोणीत बारदान नगण्य वाटतं. पण तोच माल पाव-पाव किलोच्या पिशव्यांत भरला तर पिशव्यांचंच वजन डोळ्यांत भरेल. इंटरनेटच्या पॅकेटांचं अगदी असंच आहे. राउटरमधला शेपर, म्हणजे वेग बांधणारा भाग, आयपी पॅकेटचं वजन धरतो. तारेवर किंवा फायबरवर मात्र त्या पॅकेटभोवती आणखी वेष्टनं चढतात आणि जागा सगळ्यांची मिळून लागते.

शेपर लावायचं कारण थोडक्यात आठवून घेऊ. २०१० मध्ये प्रोग्रामर जिम गेटिस यांना स्वतःच्या घरी मोठ्या फायली चढवताना जोडणी विलक्षण सुस्त होते असं दिसलं. मुळाशी गेल्यावर कळलं की मॉडेमात आणि पुढच्या उपकरणांत गरजेपेक्षा फार मोठे बफर आहेत, ते भरतात आणि प्रत्येक पॅकेटला त्या रांगेत उभं राहावं लागतं. यालाच बफरब्लोट हे नाव पडलं. पुढे २०१२ मध्ये ही रांग आटोक्यात ठेवणारं कोडेल आलं, त्यावरून एफक्यू-कोडेल झालं, आणि २०१८ मध्ये केक हे लिनक्सच्या ४.१९ आवृत्तीत दाखल झालं. ही सगळी अवजारं एकाच अटीवर काम करतात: रांग त्यांच्या हातात असली पाहिजे. म्हणून आपण राउटरचा वेग पुढच्या अडचणीच्या जागेपेक्षा किंचित कमी ठेवतो. रांग मॉडेमात न लागता राउटरमध्ये लागते आणि राउटर ती शहाणपणाने सांभाळतो. पण राउटरचं वजन करणंच चुकीचं असेल तर आपण कमी सोडतोय असं त्याला वाटत राहतं आणि प्रत्यक्षात तो जास्त सोडत असतो. रांग पुन्हा मॉडेमात जाते.

मावशीकडचा हिशेब कागदावर मांडला तेव्हा माझे डोळे उघडले. खाली १०० एमबीपीएसने गेम उतरतोय. दर मोठं पॅकेट वेष्टनासकट १५३६ बाइटचं धरलं, तर सेकंदाला साधारण ८,१०० पॅकेटं येतात. टीसीपी (डेटा नीट पोहोचवण्याची पद्धत) दर दोन पॅकेटांमागे ‘मिळालं’ अशी एक पोच उलट पाठवतं, म्हणजे सेकंदाला चार हजारांहून जास्त पोचा वर जातात. एक पोच आयपीच्या मापाने ५२ बाइट. शेपर म्हणतो, हे १.७ एमबीपीएस झालं. पण प्रत्येक पोचेवर ४४ बाइटचं बारदान आहे (४४ कुठून आलं ते पुढे सांगतो), म्हणजे ती ९६ बाइटची, आणि सगळ्यांची बेरीज ३.१ एमबीपीएस. शेपरला ४.७५ ची मर्यादा घातलेली. त्याच्या हिशेबाने अजून तीनहून जास्त एमबीपीएस जागा शिल्लक आहे, म्हणून तो तेवढे फोटो सोडतो. प्रत्यक्षात तारेवर सव्वासहा एमबीपीएस निघालं, आणि जोडणी पाचाची.

दर सेकंदाला सव्वा मेगाबिट जास्तीचं. मॉडेमात समजा २५० केबीचा बफर आहे. तो भरायला दोन सेकंदही लागत नाहीत, आणि भरल्यावर त्याच्या शेपटाशी उभ्या असलेल्या पॅकेटला बाहेर पडायला ४०० मिलिसेकंद लागतात. मावशीचा आवाज त्या शेपटाशी उभा होता.

वेग आणि ओव्हरहेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

माझी चूक हीच होती की मी एकीची भरपाई दुसरीने करत होतो. ही चूक अनेक जण करतात आणि ती लवकर लक्षात येत नाही, कारण स्पीडटेस्ट मोठ्या पॅकेटांवर चालते. म्हणून इथे थोडा थांबतो.

दोन जोड्या घ्या. पहिली: वेग ४.७५, ओव्हरहेड शून्य. दुसरी: वेग ४.८९, ओव्हरहेड ४४. १४९२ बाइटच्या मोठ्या पॅकेटांना या दोन्ही जोड्या तंतोतंत सारख्या वागतात, दोन्हींत तारेवर ४.८९ एमबीपीएस जातं. स्पीडटेस्टला फरक दिसणारच नाही. आता २०० बाइटची पॅकेटं घ्या. जुन्या धाटणीचा जी.७११ हा आवाजाचा कोडेक २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत वापरला की नेमकी एवढी पॅकेटं बनतात: १६० बाइट आवाज, आणि मथळे म्हणजे १२ आरटीपी, ८ यूडीपी, २० आयपी. पहिल्या जोडीत तारेवर ५.८ एमबीपीएस जातं, पाचाची जोडणी तुंबते. दुसऱ्या जोडीत ४.८९ च राहतं.

म्हणजे ओव्हरहेड बरोबर असेल तर वेग थोडा जास्त ठेवूनही जोडणी शांत राहते. ओव्हरहेड चुकला असेल तर वेग बराच कापला तरी कुठल्या तरी छोट्या आकाराचं पॅकेट येऊन तुंबवू शकतं.

आधी जोडणी ओळखा

घरात येणारी तार शेवटी कशात शिरते ते पाहा. बारीक पिवळी किंवा काळी फायबर एका छोट्या डबीत शिरत असेल आणि तिथून लॅनची तार राउटरला येत असेल, तर ती डबी म्हणजे ओएनयू, आणि तुमची जोडणी बहुधा जीपॉन किंवा ईपॉन (एक फायबर अनेक घरांत वाटण्याच्या पद्धती). बडोद्याच्या जुन्या भागात, दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या बाजूला, अजून काही ठिकाणी केबलवाल्याचा स्विच जिन्यात किंवा गच्चीवर असतो आणि तिथून थेट लॅनची तार घरात येते. ती शुद्ध इथरनेट. टेलिफोनची तांब्याची जोडी मॉडेमात जात असेल तर एडीएसएल किंवा व्हीडीएसएल. टीव्हीसारखी जाड गोल केबल असेल तर डॉक्सिस.

दुसरा प्रश्न: राउटरमध्ये युजरनेम आणि पासवर्ड भरावा लागतो का? लागत असेल तर पीपीपीओई आहे. वॅनच्या (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर एमटीयू, म्हणजे सगळ्यात मोठ्या पॅकेटचा आकार, १४९२ दिसत असेल तरी तेच. १५०० मधले आठ बाइट पीपीपीओईने खाल्लेले असतात.

तिसरी गोष्ट बरेच जण विसरतात. राउटर आणि ओएनयू यांच्यामधल्या तारेचा वेग किती जुळलाय? स्वस्त ओएनयूंचे आणि जुन्या राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. किंवा तारेतल्या आठापैकी चारच वायरी क्रिम्प केलेल्या असतात, मग गिगाबिटचे पोर्टही शंभरावरच जुळतात. प्लॅन शंभराचा असेल तर अडचणीची जागा ऑपरेटरकडे नाही, तुमच्या घरातल्या त्या हातभर तारेत आहे. आणि तिथला ओव्हरहेड वेगळा.

ओव्हरहेडचा आकडा काढा

शुद्ध इथरनेटपासून सुरुवात करतो, कारण तिथे काहीच झाकलेलं नाही. फ्रेम सुरू होण्याआधी प्रीॲम्बल आणि सुरुवातीची खूण मिळून ८ बाइट. मग घेणाऱ्याचा आणि पाठवणाऱ्याचा पत्ता, ६ आणि ६. आतल्या मालाचा प्रकार सांगणारे २. शेवटी चूक तपासायचे ४. आणि दोन फ्रेममध्ये सक्तीने सोडायची १२ बाइट एवढी मोकळी जागा. एकूण ३८. पीपीपीओई असेल तर आणखी ८, म्हणजे ४६. व्हीलॅनची (एका तारेवरची वेगवेगळी जाळी ओळखायची) चिठ्ठी त्याच तारेवर लागत असेल तर आणखी ४, म्हणजे ५०.

१०० एमबीपीएसच्या पोर्टवर स्पीडटेस्ट ९४ वर अडकते हे तुम्ही पाहिलं असेल. अनेक जण ऑपरेटरला फोन करतात की सहा कुठे गेले. १५०० च्या पॅकेटमध्ये आयपीचे २०, टीसीपीचे २० आणि वेळेच्या खुणेचे १२ काढले की १४४८ बाइट माल उरतो, आणि तारेवर जागा लागते १५३८. शंभरातले ९४.१ एवढाच माल. कुणी काही चोरलेलं नाही, ते बारदान आहे. पीपीपीओई असेल तर हाच आकडा ९३.६ येतो.

जीपॉनच्या फायबरवर मात्र प्रीॲम्बल आणि मोकळी जागा नसते. जीपॉनमध्ये इथरनेटची फ्रेम जेम नावाच्या वेष्टनात जाते, त्याचे ५ बाइट. तर बेरीज अशी: पीपीपीओई ८, इथरनेटचे पत्ते आणि प्रकार १४, व्हीलॅन ४, तपासणी ४, जेम ५. झाले ३५. काही ऑपरेटर व्हीलॅनच्या दोन चिठ्ठ्या लावतात, मग ३९. पण खरी गोष्ट अशी की घरगुती फायबरवर वेग फायबर ठरवत नाही, ऑपरेटरकडचं उपकरण ठरवतं, आणि ते पॅकेटचं वजन कुठून कुठपर्यंत धरतं हे त्यांनी केलेल्या सेटिंगवर असतं. बाहेरून ते दिसत नाही. म्हणून मी फायबरवर ४४ धरतो. ३९ त्यात बसतात आणि थोडी मोकळीक राहते.

जास्त धरण्यात धोका आहे का? समजा खरा ओव्हरहेड २२ होता आणि तुम्ही ४४ घातला. मोठ्या पॅकेटांवर दीड टक्का वेग गमावलात, इतकंच. उलट खरा ४४ असताना २२ घातला तर छोट्या पॅकेटांच्या गर्दीत पुन्हा मॉडेमात रांग. दोन चुकांची किंमत सारखी नाही. शंका असेल तेव्हा वरचा आकडा घ्या.

डॉक्सिसवर हा गोंधळ नाही. तिथे वापरकर्त्याचा वेग मोजताना फ्रेम पहिल्या पत्त्यापासून तपासणीच्या चार बाइटपर्यंत धरायची हे मानकातच ठरलेलं आहे. म्हणून १८. डोळे मिटून भरा.

व्हीडीएसएलवर पीपीपीओई असेल तर ३०, व्हीलॅन धरून ३४. शिवाय तिथे दर ६४ बाइटमागे एक जादा बाइट जातो. तो हिशेब राउटरच्या डोक्यावर न टाकता मॉडेमने दाखवलेल्या सिंक वेगाला ६४ ने गुणून ६५ ने भागा आणि तो वेग आधार धरा.

राहिलं एडीएसएल. बीएसएनएलच्या तांब्याच्या जोडण्यांवर मॉडेममध्ये व्हीपीआय ० आणि व्हीसीआय ३५ भरल्याचं ज्यांना आठवतं, त्यांनी एटीएम वापरलेलं आहे. इथे एटीएम म्हणजे पैसे काढायचं यंत्र नव्हे, माल ५३ बाइटच्या डब्यांत भरून नेणारी पद्धत आहे. प्रत्येक डब्यात ४८ बाइट माल. शेवटचा डबा अर्धा भरला तरी पूर्ण डब्याचं भाडं लागतं. ते २०० बाइटचं आवाजाचं पॅकेट घ्या. पीपीपीओईसाठी ४० ओव्हरहेड, झाले २४०, बरोबर पाच डबे, २६५ बाइट. त्यात एकच बाइट वाढला की सहावा डबा लागतो आणि ३१८ बाइट होतात. १४९२ चं पॅकेट ३२ डब्यांत, १६९६ बाइट. अशी पायऱ्यांची मोजणी साध्या बेरजेने जमत नाही, शेपरला ‘एटीएम’ असं स्पष्ट सांगावं लागतं. ज्यांच्याकडे अजून ही जोडणी आहे त्यांनी तोच पर्याय निवडावा आणि ओव्हरहेड ४४ ठेवावा.

किमान आकार

इथरनेटची फ्रेम ६४ बाइटपेक्षा लहान असूच शकत नाही. आत २८ बाइटचं पॅकेट असलं तरी उरलेली जागा पोकळ भरावी लागते. प्रीॲम्बल आणि मोकळी जागा धरली की तारेवर कमीत कमी ८४ बाइट. शेपरमधल्या एमपीयू या रकान्यात हेच भरायचं. केकमध्ये एमपीयू ओव्हरहेडसकट धरला जातो, म्हणून इथरनेटला ८४, डॉक्सिसला ६४. फायबरवरही मी ८४ च ठेवतो.

खरा वेग मोजा

एसक्यूएम बंद करा. लॅपटॉप तारेने जोडा, वायफायवर मोजू नका. वायफायची स्वतःची रांग वेगळी आणि एसक्यूएमचा तिच्यावर काबू नाही. सकाळी लवकर एकदा, रात्री नऊ-साडेनऊला एकदा, असं चार-पाच दिवस मोजा. नवरात्र सुरू असेल तर ते दिवस जमेल तर मोजा. गरब्याचे व्हिडिओ रात्री उशिरापर्यंत वर चढत असतात, तेव्हाचा वरचा वेग हाच तुमचा खरा वाईट दिवस.

मिळालेल्या आकड्यांतला सगळ्यात कमी घ्या, पण अगदी एकटा पडलेला वेडावाकडा आकडा सोडून द्या. स्पीडटेस्ट निव्वळ माल दाखवते, शेपरला ढोबळ, म्हणजे बारदानासकटचं, वजन लागतं, म्हणून त्याचं रूपांतर करा. पीपीपीओई आणि ४४ ओव्हरहेडवर १५३६ बाइटच्या मागे १४४० बाइट माल, म्हणजे ०.९३७५. स्पीडटेस्ट ४५ दाखवत असेल तर ढोबळ वेग ४८. त्याच्या ९५ टक्के वर जाणाऱ्या बाजूला, आणि ९० टक्के खाली येणाऱ्या बाजूला भरा. खालची बाजू जास्त कापायची, कारण ती पॅकेटं अडचणीची जागा ओलांडूनच आपल्याकडे येतात. आपण त्यांना मागून आवर घालतो, ते काम कमी नेमकं असतं.

राउटरमध्ये भरा

‘सिस्टम’मधल्या ‘सॉफ्टवेअर’मधून ल्युसी-ॲप-एसक्यूएम हे पॅकेज बसवा. मग ‘नेटवर्क’खाली एसक्यूएम क्यूओएस दिसेल. इंटरफेस निवडताना पीपीपीओई असेल तर ‘पीपीपीओई-वॅन’ नावाचा घ्या. वेग किलोबिटमध्ये भरायचा असतो, ४.७५ एमबीपीएस म्हणजे ४७५०. मी एकदा एक शून्य जास्त घातलं होतं आणि अर्धा तास काहीच फरक का पडत नाही ते शोधत बसलो.

क्यू डिसिप्लिनच्या टॅबमध्ये ‘केक’ आणि ‘पीस ऑफ केक’ ही स्क्रिप्ट निवडा. तिसरा टॅब लिंक लेयर ॲडॅप्टेशनचा. तिथे सुरुवातीला ‘नन’ असतं, आणि बहुतेकांचं तिथेच राहतं. फायबर, लॅन, व्हीडीएसएल किंवा डॉक्सिस असेल तर ‘इथरनेट विथ ओव्हरहेड’, एडीएसएल असेल तर ‘एटीएम’. खाली ओव्हरहेडचा आकडा. प्रगत पर्याय उघडले की एमपीयूचा रकाना सापडतो.

केक न वापरता एफक्यू-कोडेलची साधी स्क्रिप्ट वापरत असाल तर एक खाचखळगा आहे. इथरनेटच्या इंटरफेसवर लिनक्स पत्ते आणि प्रकाराचे १४ बाइट आधीच मोजून घेतं, पीपीपीओईच्या इंटरफेसवर घेत नाही. त्यामुळे इथरनेटच्या इंटरफेसवर तुम्ही काढलेल्या आकड्यातून १४ वजा करावे लागतात. केक हे स्वतःहून सांभाळतं, आयपीच्या पॅकेटपासूनच मोजतं. मी केकचा आग्रह धरतो त्याचं हे एक मोठं कारण.

वरचा वेग खालच्याच्या पंधराव्या-विसाव्या हिश्श्याइतका असेल, मावशीकडे होता तसा, तर वरच्या बाजूच्या प्रगत पर्यायांत ‘ॲक-फिल्टर’ (ॲक म्हणजे पोच) हा शब्द घाला. एकाच जोडणीच्या रांगेत साठलेल्या पोचांपैकी निरुपयोगी झालेल्या केक काढून टाकतं. ‘नॅट’ हा शब्दही घाला, म्हणजे घरातल्या प्रत्येक उपकरणाला केक वेगळं ओळखेल.

आणि ‘फायरवॉल’च्या पानावर हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग बंद असल्याची खात्री करा. ते चालू असेल तर पॅकेटं शेपरला वळसा घालून निघून जातात आणि तुमची सगळी मेहनत कागदावरच राहते.

राउटरने ऐकलं का ते पाहा

राउटरच्या टर्मिनलवर ‘टीसी’ला क्यूडिस्कची (रांग सांभाळणाऱ्या भागाची) आकडेवारी विचारली, आज्ञा ‘टीसी डॅश-एस क्यूडिस्क शो’ अशी उच्चारली जाते, की केक बरंच काही सांगतं. त्यात दोन ओळी शोधा. एकीत नेटवर्क लेयरवरचा किमान आणि कमाल आकार, दुसरीत ओव्हरहेड जोडल्यानंतरचा किमान आणि कमाल आकार. मावशीच्या राउटरवर पहिलीत २८ आणि १४९२ होते, दुसरीत ८४ आणि १५३६. २८ मध्ये ४४ मिळवले की ७२, एमपीयूने त्याचे ८४ केले. १४९२ मध्ये ४४ मिळवले की १५३६. दोन्ही ओळींत तेच आकडे असतील तर ओव्हरहेड लागलेलाच नाही, परत त्या टॅबवर जा.

छोट्या पॅकेटांची परीक्षा

आता या सगळ्याचा कस. आधी नेहमीची चाचणी: एका खिडकीत १.१.१.१ ला पिंग सुरू ठेवा, दुसरीत स्पीडटेस्ट चालवा. पिंग रिकाम्या वेळेपेक्षा पाच-दहा मिलिसेकंदांहून जास्त चढला नाही तर वेगाचा आकडा ठीक. यातून ओव्हरहेडबद्दल काही कळत नाही, ते वर पाहिलंच.

मग टीसीपीला लहान पॅकेटं पाठवायला भाग पाडा. राउटरच्या एनएफटेबल्समध्ये (फायरवॉलच्या नियमांत) फॉरवर्डच्या साखळीत तात्पुरता एक नियम घाला. त्याचा गाभा असा: ‘टीसीपी फ्लॅग्ज सिन, टीसीपी ऑप्शन मॅक्ससेग साइझ सेट २१६’. याने जोडणी जुळतानाच दोन्ही बाजू २१६ बाइटच्या तुकड्यांवर राजी होतात आणि आयपी पॅकेट २५६ बाइटचं होतं. पुन्हा पिंग आणि स्पीडटेस्ट.

स्पीडटेस्टचा आकडा आता धाडकन खाली येईल. घाबरू नका, तसंच अपेक्षित आहे. २५६ मधले ५२ बाइट मथळ्यांचे, २०४ माल, आणि तारेवर ३००. म्हणजे ढोबळ वेगाच्या ६८ टक्के. ५० एमबीपीएस बांधलं असेल तर ३४ च्या आसपास. बघायचं आहे ते पिंगकडे. मोठ्या पॅकेटांत शांत असलेला पिंग छोट्या पॅकेटांत चढला, तर ओव्हरहेड कमी धरलाय. चारा-चाराने वाढवत जा आणि पुन्हा तपासा. पिंग दोन्हींत सारखाच राहिला की झालं.

दोन सावधगिरी. छोट्या पॅकेटांमुळे राउटरवर कामाचा भार कैक पटींनी वाढतो, ५० एमबीपीएसला सेकंदाला वीस हजारांवर पॅकेटं. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर गेला तर पिंग त्यामुळेही चढेल आणि तुम्ही भलत्याच निष्कर्षावर पोहोचाल. तसं दिसलं तर दोन्ही बाजूंचा वेग चाचणीपुरता अर्धा करून काही उपयोग नाही, कारण मग मॉडेमात रांग लागणारच नाही. एका वेळी एकच बाजू, वरची, तपासा. दुसरी, काही सर्व्हर एवढ्या लहान तुकड्यांना नकार देतात. २०१९ मध्ये लिनक्सच्या टीसीपीतला एक दोष उघड झाल्यावर लहान एमएसएसची (तुकड्याच्या कमाल आकाराची) जोडणी अडवायची पद्धत पडली, ती काही ठिकाणी अजून आहे. चाचणी सुरूच होत नसेल तर दुसरा सर्व्हर निवडा. आणि झाल्यावर तो नियम आठवणीने काढून टाका, नाहीतर घरातलं सगळंच इंटरनेट रांगत चालेल.

मावशीकडे शेवटी काय ठरलं

वेग ४७५०, ओव्हरहेड ४४, एमपीयू ८४, ॲक-फिल्टर चालू. वेग मी चारावरून पुन्हा पावणेपाचावर आणला. काकांनी लगेच फोनवर स्पीडटेस्ट केली. “सुरुवातीला चार पॉइंट सहा यायचं, आता चार पॉइंट चार. अरे, कमी झालं ना!” मी म्हटलं, “काका, तो सुरुवातीचा आकडा बारदान न धरता आलेला होता. रात्री नऊला मावशीच्या बाजूला बसा, मग सांगा.” रात्री गेम उतरत होता, फोटो चढत होते, आणि नात तिकडून गणपतीची आरती म्हणून दाखवत होती. पूर्ण आरती झाली. काका काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त फोन जरा जवळ घेतला.

राउटरच्या पाठीला मी कागदाची एक पट्टी चिकटवली आहे. तिच्यावर तारीख, मोजलेला वेग, भरलेला वेग, ओव्हरहेड आणि एमपीयू. प्लॅन बदलला, ओएनयू बदलली किंवा नवा राउटर आला की ती पट्टी काढायची आणि पुन्हा मोजायचं. उत्तरायणात मांजाने गच्चीवरची फायबर तुटते, मग केबलवाला सांधा मारून जातो आणि कधी कधी डबीही बदलून जातो. यंदा जानेवारीत तसंच झालं. नव्या डबीचा पोर्ट शंभराचाच निघाला, म्हणून खालच्या बाजूची अडचण आता त्या तारेत आली, आणि पट्टीवर ४४ खोडून ४६ लिहिलंय.